कळकट सुरांचं गाव

१९८१ साली सिॲटलमधल्या ‘डेस्परेट टाइम्स’ नावाच्या एका हौशी पत्रिकेकडे वाचकाचं एक पत्र आलं. ‘मिस्टर एप अँड द कॅल्क्युलेशन्स’ नावाचा बँड किती भिकार आहे, हे त्यात अगदी तावातावाने लिहिलं होतं. निव्वळ गोंगाट, निव्वळ घाण, निव्वळ ‘ग्रंज’ असा एकूण सूर. गंमत अशी की पत्र लिहिणारा मुलगा त्याच बँडमध्ये वाजवायचा. स्वतःच स्वतःला शिव्या घालून फुकटात प्रसिद्धी मिळवायची, एवढाच उद्योग. हाच मुलगा पुढे मार्क आर्म या नावाने ओळखला गेला.

‘ग्रंज’ला मराठीत जवळचा शब्द शोधायचा तर कळकट. न घासलेल्या कढईच्या बुडाला जे साचतं ते. पत्रात थट्टेने वापरलेला हा शब्द दहा वर्षांनी जगभरच्या रेकॉर्डच्या दुकानांत रॉक संगीतातल्या एका शैलीची पाटी बनून लागला. ग्रंज समजून घ्यायचं तर ही थट्टा डोळ्यांआड होऊ द्यायची नाही, कारण या संगीताच्या कहाणीत पदोपदी कोणीतरी गंमत करतं आणि दुसरं कोणीतरी ती खरी मानून बसतं.

आधी गाव पाहू. सिॲटल हे अमेरिकेच्या नकाशात वर डावीकडच्या कोपऱ्यात. सॅन फ्रान्सिस्कोपासून रस्त्याने साधारण १३०० किलोमीटर. गाडीत सामान घालून गावोगाव फिरणारे बँड बऱ्याचदा सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत जायचे आणि तिथूनच मागे वळायचे. आज सिॲटल म्हटलं की मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन आणि तिकडे स्थायिक झालेले आपल्यातलेच कोणीतरी आठवतात. तेव्हा ते बोइंगच्या कारखान्याचं गाव होतं. सत्तरच्या सुमाराला बोइंगने एवढी कामगारकपात केली की १९७१ साली शहराबाहेर एक फलक लागला होता: सिॲटल सोडणाऱ्या शेवटच्या माणसाने जाताना दिवे मालवावेत. आसपासची ॲबर्डीनसारखी गावं लाकूडतोडीवर जगणारी, आणि ऐंशीच्या दशकात तो धंदाही उतरणीला लागला होता.

पावसाबद्दल फार लिहिलं जातं, म्हणून एक खुलासा. मुंबईत वर्षाला जेवढा पडतो त्याच्या निम्माही पाऊस सिॲटलमध्ये पडत नाही. पण तो मुसळधार कोसळून मोकळा होत नाही. ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत नुसती रिपरिप आणि डोक्यावर राखाडी आभाळ. तरुण मुलांनी अशा दिवसांत करायचं काय? तळघरात नाहीतर गॅरेजमध्ये जमून वाजवायचं. त्यात १९८५ साली नगरपालिकेने अल्पवयीनांच्या नाचगाण्याच्या कार्यक्रमांवर अशा अटी लादल्या की आयोजकांची कंबरच मोडली. दहा लाख डॉलरचा विमा ही त्यातली एक. तो नियम २००२ पर्यंत टिकला. कार्यक्रम मग भाड्याच्या छोट्या सभागृहांत, जुन्या गोदामांत, कोणाच्या तरी घरी व्हायला लागले. समोर तीस माणसं, आणि त्यांतली वीस दुसऱ्या बँडमधली.

या ‘कोणी बघत नाही’ अवस्थेचा एक मोठा फायदा झाला. मोठ्या शहरांत पंक ऐकणारे वेगळे आणि हेवी मेटल ऐकणारे वेगळे असत. पंक म्हणजे दोन मिनिटांची, सुसाट, तीन स्वरमेळांत संपणारी गाणी. वाजवायला फारसं येत नसलं तरी चालतं, किंबहुना येत नसलेलंच बरं, अशी वृत्ती. मेटल म्हणजे जडशीळ आवाज, बोटांची कसरत, लांबलचक सोलो. दोन्हीकडचे एकमेकांना पाण्यात पाहायचे. सिॲटलमध्ये असं सोवळं पाळण्याइतकी माणसंच नव्हती. एकाच्या कपाटात मेटलवाले ब्लॅक सॅबथ आणि पंकवाले ब्लॅक फ्लॅग शेजारी नांदायचे.

त्यातच १९८४ साली लॉस एंजेलिसच्या ब्लॅक फ्लॅग या नावाजलेल्या पंक बँडने एक रेकॉर्ड काढली आणि तिच्या दुसऱ्या बाजूवर चक्क संथ, जड गाणी वाजवली. पंकवाल्यांनी बहुतेक ठिकाणी नाकं मुरडली. ॲबर्डीनजवळच्या मेल्विन्स नावाच्या पोरांना मात्र हे भयंकर आवडलं. त्यांनी स्वतःची लय इतकी विलंबित केली की दोन ठोक्यांमध्ये चहा पिऊन यावा. या मेल्विन्सच्या मागे मागे फिरणारा, त्यांचं सामान उचलणारा एक सडपातळ मुलगा होता. त्याचं नाव कर्ट कोबेन, पुढे निर्वाण या बँडचा गायक.

१९८६ साली ‘डीप सिक्स’ नावाची एक संकलित रेकॉर्ड निघाली. तीत सहा बँड होते, त्यांत मेल्विन्स, साउंडगार्डन आणि मार्क आर्मचा नवा बँड ग्रीन रिव्हर. रेकॉर्ड फारशी खपली नाही. पण पुढचा सगळा वंशवृक्ष तिच्यातून काढता येतो. ग्रीन रिव्हर फुटला. अर्ध्यांनी मडहनी काढला, अर्ध्यांनी मदर लव्ह बोन. मदर लव्ह बोनचा गायक अँड्रयू वुड १९९० मध्ये हेरॉइनच्या अतिसेवनाने गेला आणि उरलेल्यांनी सॅन डिएगोहून एडी व्हेडर नावाचा गायक आणून पर्ल जॅम उभा केला. भाऊबंदकीच म्हणायची, फक्त इथे वाटण्या होऊनही सगळे एकमेकांच्या कार्यक्रमांना जात राहिले.

आता मुख्य प्रश्न: हे वाजतं कसं?

पहिली गोष्ट फाटलेला आवाज. लग्नाच्या मांडवातला भोंगा झेपेल त्यापलीकडे मोठा केला की शहनाई चिरकायला लागते, तो अनुभव सगळ्यांना आहे. आवाजाची लाट अँप्लिफायरच्या ताकदीबाहेर गेली की तिचे शेंडे छाटले जातात, आणि त्या छाटलेल्या कडांमधून मूळ सुरात नसलेले वरचे स्वर उमटतात. त्यालाच डिस्टॉर्शन म्हणायचं. पुढे हाच बिघाड मुद्दाम घडवून आणणारी पायाने दाबायची डबडी निघाली, ती म्हणजे पेडल. मडहनीच्या १९८८ सालच्या पहिल्या छोट्या रेकॉर्डचं नाव ‘सुपरफझ बिगमफ’. त्यात गूढ काही नाही, ती दोन पेडलची नावं आहेत. आपल्याकडे कोणी अल्बमला ‘तानपेटी आणि लेहरा’ असं नाव द्यावं, तसं.

दुसरी गोष्ट समजायला शास्त्रीय संगीताचा कान असलेल्या मराठी माणसाला जरा जास्तच सोपी आहे. गिटारवरच्या नेहमीच्या स्वरमेळात षड्ज, गंधार आणि पंचम असतात. गंधार शुद्ध असला तर मेळ प्रसन्न वाटतो, कोमल असला तर उदास. पण आवाज फाडला की गंधाराचा चिखल होतो. गिटारचे पडदे ज्या तडजोडीच्या मापाने बसवलेले असतात त्यात गंधार नैसर्गिक जागेपासून बराच सरकलेला असतो, आणि डिस्टॉर्शन ही तफावत भिंगातून दाखवावी तशी दाखवतं. पंचम मात्र जवळजवळ जागच्या जागी असतो. म्हणून या लोकांनी गंधार सरळ टाकून दिला. नुसते सा आणि प. याला पॉवर कॉर्ड म्हणतात. सा आणि प यांच्या कंपनांचं प्रमाण २:३. फाटलेल्या आवाजात दोन स्वरांमधल्या फरकाचाही एक स्वर ऐकू येतो, आणि इथे तो फरक १, म्हणजे बरोबर खालच्या सप्तकातला षड्ज. वाजवलेले दोनच स्वर, पण जमिनीखालून तिसरा गुरगुरतो. ग्रंजमधला तो छातीवर येणारा जडपणा इथून येतो. आणि गंधारच नसल्यामुळे हा आवाज सुखी म्हणावा की दुःखी, हे पक्कं ठरत नाही. ते गायकावर सोडलेलं असतं.

तिसरी युक्ती त्याला जोडूनच. गिटारची सर्वांत जाड तार नेहमीच्या जागेपासून एक अख्खा स्वर खाली उतरवायची. मग खालच्या तीन तारा मोकळ्या छेडल्या की काय वाजतं? सा, प, सा. जवळपास तानपुराच! एक बोट आडवं ठेवून वरखाली सरकवलं की झालं. ही युक्ती साउंडगार्डनच्या किम थायिलला मेल्विन्सच्या बझ ऑस्बोर्नकडून समजली, आणि साउंडगार्डनने तिचं सोनं केलं.

या किम थायिलपाशी थोडं थांबतो. जन्म सिॲटलचा, १९६०चा, आईवडील केरळातून गेलेले मल्याळी, बालपण शिकागोजवळ, शिक्षण वॉशिंग्टन विद्यापीठात, विषय तत्त्वज्ञान. आपल्याकडे परदेशातल्या कोणाचंही आजोळ शोधून काढण्याची हौस दांडगी, तरी रॉक ऐकणाऱ्यांपलीकडे हे नाव फारसं कोणाला माहीत नसतं. साउंडगार्डनची कितीतरी गाणी सात मात्रांची आहेत, ‘आउटशाइन्ड’ आणि ‘स्पूनमॅन’ ही त्यांतली गाजलेली. रूपक तालाची सवय असलेल्याने हातावर मोजून पाहावं. पण ‘भारतीय रक्तातून ताल आला’ वगैरे म्हणण्यात अर्थ नाही. हे बँडमधले चौघे मिळून करत, आणि मात्रा बहुधा गाणं झाल्यावर मोजत.

चौथी गोष्ट सर्वांना माहीत असलेली: हळू, मग एकदम जोरात. कडवं पुटपुटल्यासारखं, ध्रुवपदाला सगळा बांध फुटलेला. हे ग्रंजचं स्वतःचं नव्हे. बोस्टनच्या पिक्सीज या बँडकडून आपण ते उचललं, असं कोबेनने स्वतःच कबूल केलं होतं.

एवढं सांगूनही एक अडचण उरतेच. मडहनी ऐकला की साठच्या दशकातल्या गॅरेजमधली धूळ आठवते. ॲलिस इन चेन्स म्हणजे जवळजवळ शुद्ध मेटल, वर लेन स्टेली आणि जेरी कँट्रेल यांचे एकमेकांना चिकटून चालणारे, अंगावर काटा आणणारे दोन आवाज. पर्ल जॅममध्ये सत्तरच्या दशकातला मोकळाढाकळा रॉक दिसतो, आणि निर्वाणाच्या गोंगाटाखाली बीटल्सच्या वळणाच्या गोड चाली सापडतात. एका नावाखाली हे सगळे आले ते मुख्यतः पत्ता एक होता म्हणून. आणि त्या पत्त्याचा ब्रँड करणारी एक छोटी कंपनी होती म्हणून.

ती कंपनी सब पॉप. ब्रूस पॅव्हिट आणि जोनाथन पोनमन या दोघांची. खिशात दमडी नाही आणि तोरा मात्र साम्राज्याचा, हीच त्यांची शैली. ग्रीन रिव्हरच्या १९८७ सालच्या रेकॉर्डची जाहिरात करताना त्यांनी लिहिलं की या ग्रंजने एका पिढीची नीतिमत्ता धुळीस मिळवली. तोपर्यंत ती रेकॉर्ड कोणी ऐकलीही नव्हती. पुढच्या वर्षी त्यांनी ‘सिंगल्स क्लब’ काढला: आगाऊ वर्गणी भरा, दरमहा एक रेकॉर्ड घरपोच. दिवाळी अंकाचीच पद्धत. छपाईचे पैसे वाचकाकडून आधीच येतात. क्लबची पहिली रेकॉर्ड निर्वाणाची होती, प्रती १०००. याच कंपनीने ‘लूझर’ असं ठळक छापलेले टी-शर्ट विकले. यशस्वी होण्याच्या वेडाने पछाडलेल्या ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकेत छातीवर ‘हरलेला’ लिहून हिंडणं, हे खरं तर अख्खं तत्त्वज्ञान होतं.

१९८९ मध्ये त्यांनी स्वतःच्या खर्चाने ब्रिटनच्या ‘मेलडी मेकर’ साप्ताहिकाचा पत्रकार एव्हरेट ट्रू याला सिॲटलला आणलं. त्याने लंडनच्या वाचकांपुढे रंगवलेलं चित्र असं की जंगलातून कुऱ्हाड टाकून आलेली रांगडी मंडळी गिटार बडवताहेत. त्यांतले कित्येक कॉलेजात शिकलेले होते. पण चित्र झकास होतं, आणि सब पॉपने ते पुसायची घाई केली नाही. चौकड्यांचे फ्लॅनेलचे शर्टही याच चित्रात चिकटले. प्रत्यक्षात ते जुन्या कपड्यांच्या दुकानात स्वस्त मिळायचे आणि थंडीत ऊब देत, एवढंच त्यामागचं सौंदर्यशास्त्र.

निर्वाणाचा पहिला अल्बम ‘ब्लीच’ १९८९ मध्ये आला, ध्वनिमुद्रण जॅक एंडिनोच्या हाताखाली झालं. खर्च ६०६ डॉलर १७ सेंट. अल्बमच्या वेष्टणावरच त्यांनी ६०० डॉलर असा गोळाबेरीज आकडा छापला. दुसरा अल्बम ‘नेव्हरमाइंड’ मोठ्या कंपनीकडून आला, २४ सप्टेंबर १९९१ रोजी. कंपनीने सुरुवातीला अमेरिकेसाठी जेमतेम ४६ हजार प्रती काढल्या होत्या. ११ जानेवारी १९९२ च्या बिलबोर्ड साप्ताहिकाच्या खपाच्या यादीत त्याने मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला पहिल्या क्रमांकावरून खाली उतरवलं.

हे चमत्कारासारखं सांगितलं जातं, पण त्यामागे एक अगदी रुक्ष कारणही होतं. १९९१ च्या मे महिन्यापर्यंत बिलबोर्डची यादी दुकानदारांना विचारून बनायची, आणि दुकानदार अंदाजाने आणि मर्जीने सांगायचे. त्या महिन्यापासून बारकोड वाचून प्रत्यक्ष खप मोजायला सुरुवात झाली. तेव्हा कळलं की ज्यांना किरकोळ समजत होतो ती गाणी लोक भरपूर विकत घेताहेत. विद्यापीठांच्या रेडिओ केंद्रांनी हा श्रोता गेली दहा वर्षं तयार करून ठेवला होताच.

‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ या गाण्याच्या नावातही थट्टा आहे. बिकिनी किल बँडच्या कॅथलीन हॅनाने कोबेनच्या खोलीच्या भिंतीवर लिहिलं होतं की कर्टला टीन स्पिरिटचा वास येतो. त्याला वाटलं, वा, काय क्रांतिकारक ओळ आहे! टीन स्पिरिट हे मुलींच्या एका डिओडरंटचं नाव होतं, आणि ते त्याला गाणं प्रसिद्ध झाल्यावर समजलं. बँडच्या नावाबद्दल म्हणाल, तर पंकमध्ये ओंगळ नावांची चाल होती. कोबेनला काहीतरी सुंदर नाव हवं होतं, म्हणून निर्वाण. बुद्धाचा शब्द आणि खाली चिरफाळलेला गळा.

मग मात्र ताळतंत्र सुटलं. रेकॉर्ड कंपन्यांचे दलाल सिॲटलमध्ये चेकबुक घेऊन उतरले. नोव्हेंबर १९९२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ग्रंजवर मोठा लेख छापला आणि त्यासोबत ‘ग्रंजवाल्यांच्या बोलीचा’ एक छोटा कोश. हे शब्द त्यांना सांगितले होते सब पॉपच्या माजी कर्मचारी मेगन जॅस्पर यांनी. वार्ताहराचा फोन आला, त्यांना हसू आवरेना, आणि त्यांनी तिथल्या तिथे शब्द रचून दिले. नुसतं भटकणं म्हणजे ‘स्विंगिंग ऑन द फ्लिपिटी-फ्लॉप’ वगैरे. देशातल्या सर्वांत प्रतिष्ठित दैनिकाने ते जसंच्या तसं छापलं. अशी बोली अस्तित्वातच नव्हती. वृत्तपत्रांच्या इतिहासातली इतकी निर्मळ फसवणूक मला दुसरी आठवत नाही.

त्याच महिन्यात मार्क जेकब्स या डिझायनरने पेरी एलिस कंपनीसाठी ग्रंजच्या थाटाचे कपडे मंचावर आणले. जुन्या बाजारातला शर्ट आता रेशमात, किंमत शेकडो डॉलर. समीक्षकांनी झोडपलं आणि कंपनीने जेकब्सला घरी पाठवलं. आता मात्र फॅशनच्या पुस्तकांत तोच संग्रह ऐतिहासिक म्हणून छापतात, आणि फाटक्या जीन्सला न फाटक्यांहून जास्त पैसे मोजणं आपल्याला विचित्रही वाटत नाही. निर्वाणाचा वेडावाकडा हसरा चेहरा छापलेला टी-शर्ट मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवर आणि पुण्याच्या फर्ग्युसन रस्त्यावर घासाघीस करून मिळतो. घालणाऱ्याने गाणी ऐकली असावीत, अशी अट कोणी घालत नाही.

कपड्यांपेक्षा मला महत्त्वाची वाटते ती या लोकांची वृत्ती. त्याआधीचा लोकप्रिय रॉक म्हणजे केसांना स्प्रे मारून, तंग विजारी घालून, बायकांना जिंकल्याच्या बढाया. ग्रंजमधला पुरुष रंगमंचावर येऊन ‘मी गोंधळलोय, मला दुखतंय’ म्हणाला. १९९२ च्या अखेरीस आलेल्या अल्बमच्या वेष्टणावर कोबेनने सरळ लिहिलं की समलिंगी, वेगळ्या वर्णाची माणसं किंवा स्त्रिया यांचा ज्यांना तिटकारा असेल त्यांनी आमच्या कार्यक्रमाला येऊ नये, रेकॉर्डही घेऊ नयेत. एल सेव्हन, होल, सेव्हन इयर बिच अशा बायकांच्या किंवा बायकांच्या नेतृत्वाखालच्या बँडनीही तोच फाटका आवाज वापरला. ग्रंजचे इतिहास लिहिताना त्यांना तळटीपेत ढकलतात, ते चूक आहे.

पर्ल जॅमने वेगळंच भांडण काढलं. तिकिटांवर लावलेल्या अधिभाराच्या विरोधात १९९४ साली त्यांनी तिकिटं विकणाऱ्या टिकेटमास्टर कंपनीविरुद्ध अमेरिकेच्या न्याय खात्याकडे तक्रार केली, बँडमधल्या दोघांनी अमेरिकन संसदेच्या समितीपुढे साक्षही दिली. वर्षभराने चौकशी गुंडाळली गेली. मे २०२४ मध्ये त्याच न्याय खात्याने त्याच कंपनीवर मक्तेदारीचा खटला भरला. मधे तीस वर्षं गेली. याच बँडचा व्हेडर १९९५ च्या एका चित्रपटासाठी नुसरत फतेह अली खान यांच्यासोबत गायला आहे. ती दोन गाणी नक्की ऐका.

या सगळ्याची एक काळी बाजू आहे आणि तिला नटवू नये. सिॲटलमध्ये हेरॉइन सहज मिळायचं. कोबेनने ५ एप्रिल १९९४ रोजी आत्महत्या केली, वय २७. बरोबर आठ वर्षांनी, त्याच तारखेला, लेन स्टेली अंमली पदार्थांनी गेला. साउंडगार्डनच्या ख्रिस कॉर्नेलने २०१७ मध्ये आयुष्य संपवलं. ‘प्रतिभेची किंमत’ असली वाक्यं मी वाचली आहेत आणि मला ती पटत नाहीत. हे आजारी, व्यसनात अडकलेले तरुण होते, आणि त्यांच्या आजारावर कार्यक्रमांच्या तारखा लागलेल्या होत्या.

१९९४ नंतर मूळ लाट ओसरली. रेडिओवर तिची नक्कल मात्र दहा वर्षं वाजत राहिली: घोगरा गळा, उतरवलेली तार, ध्रुवपदाला स्फोट, सगळं जागच्या जागी आणि घासूनपुसून लखलखीत. कळकटपणा तेवढा गेला. सब पॉपच्या मालकांनी १९९५ साली ४९ टक्के हिस्सा वॉर्नरला विकला. खोटा शब्दकोश रचणाऱ्या मेगन जॅस्पर पुढे याच कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या.

आणि मार्क आर्म? मडहनी अजून वाजवतो, पण त्यावर घर चालेलच असं नाही. म्हणून ज्याने तो शब्द स्वतःला शिवी म्हणून लिहिला, तो माणूस पुढे बरीच वर्षं सब पॉपच्या गोदामात नोकरी करत होता. आलेल्या ऑर्डरी बघायच्या, रेकॉर्डी खोक्यात भरायच्या, चिकटपट्टी लावायची. त्यांतल्या काही त्याच्याच असत.